प्राथमिकचा खेळाचा तास: चाळीस मुलं, छोटं आवार, काय आणि कसं घ्यावं?

वाडीची शिक्षिका

नमस्कार. बडोद्याच्या जुन्या शहरातली मराठी माध्यमाची शाळा, पहिली ते पाचवी. एका वर्गात ३८ ते ४२ मुलं. शारीरिक शिक्षणाला वेगळे शिक्षक नाहीत, वर्गशिक्षिकाच तास घेतात. प्रत्येक वर्गाला आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास मिळतात. आवार साधारण ३० मीटर लांब आणि १४ मीटर रुंद. त्यातलं १८ मीटर मातीचं, उरलेल्या १२ मीटरवर पेव्हर ब्लॉक. मातीच्या एका कोपऱ्यात कडुलिंब आहे. सामान म्हणाल तर चार रबरी चेंडू, सहा दोऱ्या, एक बॅट आणि एक शिट्टी.

सध्या तास असा जातो: ओळी लावायच्या, हातपाय हलवायचे, दोन फेऱ्या पळायचं आणि मग "खेळा". दहा-बारा मुलगे बॅट-बॉल घेतात, बाकीची मुलं आणि जवळजवळ सगळ्या मुली कडुलिंबाखाली बसून राहतात. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला जातो, आणि पालकांची त्याला अजिबात हरकत नसते.

नव्या सत्राचा आराखडा मुख्याध्यापिकांपुढे ठेवायचा आहे. चाळीस मुलांना एकाच वेळी कसं खेळवायचं? कोणत्या इयत्तेला नेमकं काय शिकवायचं? आणि हा तास गणिताला का देऊ नये, याचं धड उत्तर काय द्यायचं? खर्च फार करता येणार नाही.

मैदान३५

ताई, तुमच्या वर्णनात दुखणं स्पष्ट दिसतंय. तास ३५ मिनिटांचा आहे, पण मूल त्यात हलतं किती? आराखड्यातली प्रत्येक गोष्ट याच एका प्रश्नावर घासून बघा. खेळ कोणता, सामान किती, मैदान केवढं हे सगळं त्यानंतर.

एक हिशेब मांडतो. चाळीस मुलांच्या चार ओळी करून पळण्याची शर्यत घेतली तर एका ओळीत दहा मुलं. एकाची फेरी १५ सेकंदांची धरली तर पाळी परत यायला १५० सेकंद लागतात. पंधरा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला सहा फेऱ्या येतात, म्हणजे ९० सेकंद पळणं. बाकी साडेतेरा मिनिटं ते मूल नुसतं उभं. तीच मुलं चार-चारच्या दहा ओळींत उभी केली तर पाळी मिनिटाला येते, पंधरा फेऱ्या होतात आणि पळणं २२५ सेकंदांवर जातं. जागा तीच, शिक्षिका तीच, वेळ तोच. फक्त ओळ तोडली.

म्हणून प्राथमिकमध्ये मी चार मुलांचाच गट सुचवेन. तुमच्या आवारात दहा चौकोन आरामात बसतात. मातीवर ४ बाय ४ मीटरचे सहा (तीन-तीनच्या दोन रांगा, मध्ये एक-एक मीटर मोकळं), पेव्हरवर ३ बाय ३ चे चार. कडुलिंबाच्या बुंध्यापासून दोन मीटर जागा सोडा, मुळं वर आलेली असतात आणि पाय तिथेच मुरगळतो. मातीच्या चौकोनांत पळणं, उड्या, लंगडी. पेव्हरवर जागच्या जागी करायच्या गोष्टी: फेकणं, झेलणं, तोल, दोरी.

वेळ अशी वाटा. बाहेर येऊन गटात उभं राहायला ४ मिनिटं, अंग गरम करायला ५, मग चौकोनांत २० (प्रत्येक चौकोनात ४ मिनिटं, म्हणजे एका तासात पाच चौकोन), एकत्र छोटा खेळ ३, सामान गोळा करून पाणी पिऊन वर्गात जायला ३. आठवड्याच्या दोन तासांत दहाही चौकोन पुरे होतात. कुठे काय करायचं हे एका पुठ्ठ्यावर चित्र काढून चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवा, पहिलीच्या मुलांना वाचता येत नाही. पहिले दोन आठवडे फक्त चौकोन बदलायचा सराव घ्या, तेव्हा खेळ कमी झाला तरी चालेल. हे टाळलं की पुढे प्रत्येक बदलाला दोन-दोन मिनिटं जातात आणि शिक्षिका कंटाळून परत ओळींवर येतात.

दुसरं, "बाद" होण्याचे खेळ काढून टाका किंवा बदला. पकडापकडीत, संगीत खुर्चीत सगळ्यांत आधी बाद होतं ते जाड, हळू, घाबरट मूल, आणि हालचालीची सगळ्यांत जास्त गरज त्यालाच असते. नियम एवढाच करा: बाद झालं की ठरलेल्या खुणेपाशी जाऊन दहा उड्या मारायच्या आणि परत खेळात यायचं.

सामान घरीच करा. धान्याच्या पिशव्या सगळ्यांत उपयोगी. जुन्या जीन्सचे १२ बाय १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे, दुहेरी शिवण, आत १०० ते १२० ग्रॅम भरण. पिशवी तीन-चतुर्थांशच भरा. ठासून भरली तर ती दगडासारखी लागते आणि हातातून उसळते. ज्वारी किंवा चवळी भरली तर पावसाळ्यात कीड लागते आणि कपाटात उंदीर येतात, त्यामुळे धुऊन वाळवलेली जाड रेती आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग कापडात घाला. अशा चोवीस पिशव्या पुरतात. चौकोनांच्या कोपऱ्यांना अर्धा लिटरच्या बाटल्यांत एक-तृतीयांश रेती भरा, वाऱ्याने पडत नाहीत.

आणि रेघा मारायला चुना वापरू नका. कळीचा चुना डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजतं, आणि मुलं फक्की हाताने उधळतात. खडूची भुकटी आणा, नाहीतर मातीवर सरळ पाण्याची रेघ ओढा, तासापुरती टिकते.

चेंडू-दोरी

इयत्तेप्रमाणे काय शिकवायचं त्याबद्दल लिहिते.

पहिली-दुसरीला खेळ शिकवायचा नसतो, हालचाल शिकवायची असते. पळताना हुकमावर थांबणं, दिशा बदलणं, दोन पायांनी उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल, लंगडत चार-पाच पावलं, सरकत जाणं, घोड्याची चाल. तिसरीत फेकणं-झेलणं आणि दोरी. चौथी-पाचवीत हे सगळं लंगडी, खो-खो, डॉजबॉल अशा खेळांत वापरायला लावायचं. पहिल्या दोन वर्षांचं राहून गेलेलं मूल पाचवीत खो-खोच्या मैदानावर उभं केलं तर ते पळतं खरं, पण वळताना पडतं.

फेकण्याचंच बघा. सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं समोर तोंड करून, दोन्ही पाय जोडून, फक्त कोपराने ढकलतात. काही जण उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात. मग कंबर फिरत नाही आणि पिशवी तीन मीटरवर पडते. "जोरात फेक" म्हणून यात काही होत नाही. उजव्या हाताचं मूल भिंतीकडे डावा खांदा करून आडवं उभं करा. डाव्या पायासमोर अर्ध्या मीटरवर जमिनीवर पावलाचं चित्र काढा. पिशवी कानामागे, कोपर खांद्याच्या उंचीला. आधी चित्रावर पाय टाकायचा, मग फेकायचं. डावखुऱ्या मुलाला हे सगळं उलट, आणि त्याचा हात बदलायला लावू नका. भिंतीवर छोटं वर्तुळ काढून नेम धरायला लावलं की मुलं पुन्हा सांभाळून ढकलायला लागतात. सुरुवातीला नेम नको, भिंतीवर "धप्प" आवाज काढायला सांगा. आवाजासाठी जोर लागतो आणि जोरासाठी कंबर आपोआप फिरते.

झेलण्यात मूल डोळे मिटतं, मान वळवतं आणि दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतं. कारण भीती. टणक रबरी चेंडू नाकावर बसलेला असतो. तुमचे चार चेंडू टणक असतील तर झेलण्यासाठी ते बाजूला ठेवा. शिफॉनच्या जुन्या ओढणीचे ४० सेंटिमीटरचे चौकोन कापा. ते हळूहळू खाली येतात, मुलाला बघायला वेळ मिळतो. ओढणी जमली की धान्याची पिशवी, मग १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा मऊ चेंडू, शेवटी टेनिस चेंडू. कमरेच्या वर आलेलं झेलताना बोटं आभाळाकडे, कमरेच्या खाली आलेलं झेलताना बोटं जमिनीकडे. एवढं एक वाक्य वर्षभर पुरतं.

उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का ते बघा. वळत असतील तर उंचावरून उडी थांबवा. जमिनीवरच्या रेघेवरून पुढे उडी, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरणं आधी पक्कं होऊ द्या. "मांजरीसारखं उतर" म्हटलं की लहानांना कळतं.

दोरी जमत नाही याचं कारण बहुतेक वेळा दोरीच असते. आखूड किंवा फार हलकी. दुसरं कारण म्हणजे मूल खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. दोरीची दोन्ही टोकं एका हातात देऊन बाजूला फिरवत उडी मारायला लावा, ताल बसतो. मग दोन हातांत दोरी, मागून पुढे आणून पायाशी थांबवायची, नुसतं ओलांडायचं. त्यानंतर उडी. कोपरं बरगडीशी ठेवायची सवय लावायला दोन्ही काखेत एक-एक रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला की मुलाला स्वतःलाच कळतं.

तपासणी हवी असेल तर केंद्र सरकारच्या खेलो इंडिया कार्यक्रमाच्या शालेय चाचण्या सोप्या आहेत. पहिली ते तिसरीला उंची-वजन, एका पायावरचा तोल आणि थाळ्यांना हात लावायची चाचणी एवढंच असतं. थाळ्यांसाठी टेबलावर २० सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं, केंद्रांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर. नको असलेला हात मधल्या आयतावर स्थिर, दुसऱ्या हाताने आलटून पालटून २५ फेऱ्या आणि लागलेला वेळ. चौथीनंतर ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर हे येतं. तुमच्या आवारात ६०० मीटर घेऊ नका, चौदा मीटर रुंदीत इतकी वळणं येतात की आकड्याला अर्थ राहत नाही. त्या एका चाचणीसाठी मुलांना मोठ्या मैदानावर न्या. आणि निकाल भिंतीवर लावू नका. वजनाचा आकडा तर मुलाच्या मित्रांना कळताच कामा नये.

हुतुतू बडोदा

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत. पण बडोद्यात राहून आपले देशी खेळ नुसते तोंडी लावायला ठेवणं मला पटत नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. प्रो. माणिकरावांनी जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा याच गावात पुढे नेली आणि सांघिक व्यायामाची पद्धत बसवली. कैवल्यधाम या योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद त्यांच्याच हाताखाली तयार झाले. हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नव्याने बांधून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, आणि खो-खोचे छापील नियमही १९२४ मध्ये बडोद्याच्याच जिमखान्यातून निघाले. या गावच्या मुलांना खो-खो यायलाच हवा.

आता व्यवहाराचं. खो-खोचं पुरं मैदान २७ बाय १६ मीटर असतं, ते तुमच्याकडे बसणार नाही आणि चौथीच्या मुलांना ते नकोच. १८ बाय १४ च्या मातीवर ११ बाय ७ ची दोन मैदानं शेजारी शेजारी आखा, मध्ये दोन मीटर सोडा. मधली रेघ ३० सेंटिमीटर रुंद. दोन टोकांना खांबांऐवजी रेती भरलेल्या बाटल्या, एकमेकींपासून ९ मीटरवर. मध्ये दर १.८ मीटरवर एक, असे चार चौकोन. लाकडी खांब बादलीत सिमेंट घालून उभा करतात तसं करू नका, कडेला डोकं आपटतं.

एका मैदानावर दहा मुलं: चार बसलेली, एक पाठलाग करणारा, तीन पळणारी, एक वेळ बघणारं, एक बाद मोजणारं. दोन मिनिटांनी अदलाबदल. म्हणजे वीस मुलं खो-खोत आणि वीस पेव्हरवरच्या चौकोनांत. पुढच्या तासाला उलट. चौथी-पाचवीला हीच व्यवस्था ठेवा.

नियम एकदम सगळे सांगू नका. पहिल्या आठवड्यात तीनच: बसलेल्यांची तोंडं आळीपाळीने उलट दिशांना, पाठलाग करणाऱ्याने मधली रेघ ओलांडायची नाही, खो पाठीमागूनच द्यायचा. पाठीला हात आणि तोंडाने "खो" एकाच वेळी हवेत. मुलं "खो" आधी ओरडतात आणि हात मागून लावतात, बसलेलं मूल आवाजावरच उठतं आणि पाठलाग करणाऱ्यावर आदळतं. सगळ्यांत जास्त टकरी याच चुकीने होतात. एक आठवडा न पळता, चालत खो-खो घ्या, तेवढ्यात ही सवय मोडते. दिशा न बदलण्याचा नियम दुसऱ्या आठवड्यात.

बसलेल्या मुलांचे हात जमिनीवर पसरू देऊ नका, बोटांवर पाय पडतो. उकिडवं, एक पाय पुढे, हात गुडघ्यांवर. आधी माती हाताने तपासायची: खडे, काचा, बाटल्यांची बुचं. सुक्या मातीवर आदल्या संध्याकाळी थोडं पाणी मारलं की धूळ बसते आणि पाय घसरत नाही. तासाच्या तोंडावर मारलं तर चिखल होतो.

लंगडी फक्त मातीवर. पेव्हरवर एका पायाने उड्या मारत राहिलं की टाचा दुखतात, आणि आठ ते बारा वयात टाचेचं हाड वाढीत असतं. सलग २० ते २५ उड्या झाल्या की पाय बदलायला लावा. स्पर्धेत पाय बदलता येत नाही, पण सरावात बदलायलाच हवा, नाहीतर एकच पाय तयार होतो.

मल्लखांबाबद्दल एकच सांगतो. दोरीचा मल्लखांब लहान मुलांना फार मानवतो, पण शिकवणारा त्यातला असेल, खाली जाड गादी असेल आणि दोरी ज्या हुकाला टांगली आहे तो तपासलेला असेल तरच. शाळेच्या जिन्याच्या तुळईला दोरी बांधून कुणी हौसेने सुरू करू नये.

निवृत्त कवायत

मैदान३५ यांच्या लिखाणात कवायतीला जागाच नाही. चाळीस मुलं आणि एक शिक्षिका असताना सावधान-विश्राम आणि अंतर घेणं आलं नाही तर तुमचे दहा चौकोन दहा मिनिटांत मोडतील. कवायत म्हणजे नुसतं उभं राहणं नाही. डावं-उजवं कळणं, ऐकून एकदम हलणं, शेजाऱ्याला हात न लागेल एवढं अंतर डोळ्याने ओळखणं हे त्यातून येतं. पहिलीतल्या कितीतरी मुलांना डावा हात कोणता हे सत्राच्या मध्यावरही सांगता येत नाही.

आणि एक विनंती. शिट्टी सुरू करायला वाजवू नका. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, हातातलं खाली ठेवा, माझ्याकडे बघा. त्या शिट्टीला दुसरा अर्थ देऊच नका. सुरुवात तोंडी आज्ञेने करा. चेंडू डोळ्याला लागतोय, कुणी पडलंय अशा वेळी शिट्टीवर चाळीस मुलं एका क्षणात थांबली पाहिजेत. दिवसभर कारणाशिवाय वाजणाऱ्या शिट्टीला मुलं थांबत नाहीत.

मैदान३५

सर, शिट्टीचं अगदी बरोबर, आराखड्यात तसंच लिहावं. कवायतीलाही माझा विरोध नाही, ती तासभर चालण्याला आहे. अंग गरम करण्याच्या ५ मिनिटांतली दोन मिनिटं आज्ञांना द्या, तीही पळता पळता: "उजवीकडे वळ, थांब, दोन हात अंतर, पळ". डावं-उजवं कळत नसेल तर उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधा, दोन महिन्यांत काढून टाकता येतो.

ऊन-पाणी

तब्येतीच्या बाजूवर थोडं.

बडोद्याचं ऊन मार्चपासूनच सांभाळावं लागतं. एप्रिलमध्ये खेळाचा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांतच ठेवा, दहानंतर नको. पेव्हर ब्लॉक मातीपेक्षा जास्त तापतो, त्यावर अनवाणी उभं करू नका. उलट पाहा, चिखलाच्या दिवसांत मोजे घालून गुळगुळीत कोटा फरशीवर पळू देऊ नका, घसरण्यासाठी त्याहून सोपं काही नाही. लहान मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे अंग लवकर तापतं. तासाआधी अर्धा पेला पाणी, मध्ये एकदा, संपल्यावर परत. "तहान लागली त्यांनी प्या" म्हटलं की खेळात रमलेलं मूल पीत नाही, सगळ्यांना एकदम प्यायला लावा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर वाटली तर सावली, कपडे सैल, मान-काख-मांड्यांवर ओला कपडा. मूल बरळायला लागलं किंवा हाकेला नीट उत्तर देईना तर पाणी पाजायच्या भानगडीत पडू नका, श्वासनलिकेत जातं. अंगावर पाणी ओतत राहा आणि १०८ ला फोन करा.

सत्राच्या सुरुवातीला पालकांकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: दमा, फीट, हृदयाचा त्रास आणि सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). सिकल सेल असलेली मुलं या भागातल्या वर्गांत असतात, त्यांना पाणी जास्त, दम लागला की लगेच थांबण्याची मोकळीक, आणि कडक उन्हात किंवा थंडीत जोराचं पळणं नाही. दम्याच्या मुलाचा पंप वर्गाच्या कपाटात नको, मैदानावर शिक्षिकेच्या पिशवीत हवा. अंग गरम करताना त्याला हळू सुरुवात करू द्या.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी कापडी चेंडूत दोन घुंगरं शिवा, बाकीची मुलंही तोच चेंडू वापरतील. चालायला त्रास असलेल्या मुलाला "तू वेळ बघ" म्हणून वर्षभर बसवू नका. त्याच्या चौकोनातलं अंतर निम्मं करा, चेंडू मोठा द्या, आणि तो खेळतच राहू द्या.

मुलींचं बसून राहणं याचं एक कारण गणवेश असतं. खेळाच्या दिवशी स्कर्टखाली पायजमा किंवा ट्रॅक पँट घालायची परवानगी मुख्याध्यापिकांकडून लेखी घ्या. दुसरं कारण म्हणजे बॅट एकच असते आणि ती मुलग्यांच्या हातात असते. चार-चारच्या गटांत ते कारण उरत नाही.

गणिताच्या तासाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे. तुमचे दोन तास मिळून आठवड्याला ७० मिनिटं होतात. म्हणजे गरजेच्या एका दिवसापुरतं आपण आठवडाभरात देतोय आणि तेही काढून घ्यायचं म्हणतोय. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य ग्रंथालयाच्या पंक्तीला बसवलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि इतर उपक्रम यांतली भिंत काढायला सांगितली आहे. त्याच कायद्यात शारीरिक शिक्षणाचे अर्धवेळ शिक्षक मात्र सहावी ते आठवीपुरते आणि तेही शंभराहून जास्त मुलं असतील तिथे आहेत, म्हणून पाचवीपर्यंत हे काम वर्गशिक्षिकेवरच येतं. आराखड्यात हे लिहा, कारण मुख्याध्यापिका "शिक्षक येईल तेव्हा बघू" म्हणू शकतात.

वाडीची शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन शंका. जुलै-ऑगस्टमध्ये माती चिखल होते, तेव्हा वर्गात (६ बाय ७ मीटर, बाकं हलवता येत नाहीत) काय घेऊ? आणि दोऱ्या नव्या घ्यायच्यात, किती लांबीच्या?

चेंडू-दोरी

वर्गात पळणं नाही, एवढं ठरवूनच सुरुवात करा. बाकांमधल्या वाटांवर खडूने रेघा काढा आणि डोक्यावर पिशवी ठेवून टाचेला पंजा लावत चालायला लावा. दर बाकामागे एक पिशवी: उजव्या हातातून डाव्यात, टाळी वाजवून झेल, पाठीमागून घेऊन झेल. भिंतीपाशी दोन थाळ्यांची चाचणी लावून चार मुलं आळीपाळीने. कागदाचे गोळे करून तीन मीटरवरच्या टोपलीत टाकणं, तिथे नेम चालतो.

ऑगस्टच्या शेवटापासून गरबा घ्या. दोन ताळी जागच्या जागी, मग तीन ताळी एक पाऊल पुढे-मागे. ताल, वळणं आणि तोल एकत्र येतात, आणि या गावात हे न आवडणारं मूल मिळणं कठीण. बाकांच्या कोपऱ्यांना कंबर आपटते, म्हणून गोल फिरणं व्हरांड्यात आणि एका वेळी बाराच मुलं.

सूर्यनमस्कार पहिली-दुसरीला दोन ते चार, हळू, एकेका स्थितीत श्वास घेत. ओल्या फरशीवर तळहात घसरतात आणि हनुवटी आपटते, त्यामुळे आधी फरशी पुसून घ्या आणि खाली सतरंजी नको, ती सरकते. योगाची रबरी चटई असेल तरच.

दोरीची लांबी: मूल दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून उभं राहिलं की दोन्ही टोकं काखेशी यायला हवीत. शिकणाऱ्याला हाताच्या रुंदीएवढी जास्त चालते. पहिली-दुसरीला साधारण २ मीटर, तिसरी-चौथीला २.२०, पाचवीला २.४०. गाठींसाठी दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर धरून कापा. प्लास्टिकची पातळ दोरी फिरताना वजन धरत नाही, ८ मिलिमीटरची सुती किंवा नायलॉनची घ्या. नायलॉनची टोकं मुलं घरी गेल्यावर मेणबत्तीवर वितळवून बंद करा, नाहीतर आठवड्यात उसवतात. उंचीप्रमाणे टोकांना तीन रंगांच्या चिंध्या बांधा: लाल दोन मीटर, निळी मधली, पिवळी मोठी. एका वर्गाला दहा पुरतात, कारण एका वेळी दोरीच्या चौकोनात चारच मुलं असणार आहेत.